एक वेढा

मिस्त्रींनी प्रश्न विचारला तेव्हा चहाचा कप माझ्या ओठांशी होता, आणि उत्तर देऊन झालं तरी तो तिथंच होता. इतक्या घाईनं दिलेलं उत्तर बरोबर निघण्याचा संभव तसा कमीच. पण ज्युनिअर कॉलेजात तीस वर्षं फिजिक्स शिकवलेल्या बाईला ही खोड लागलेलीच असते. पोराच्या प्रश्नाचं शेपूट दिसलं की आख्खा प्राणी ओळखला असं वाटतं.

झालं होतं असं. भावाची नदीवरची पाच एचपीची मोटर जळाली. ऐन उसाला पाणी द्यायच्या दिवसांत आणि ती पण रात्रीच्या लाईटीच्या आठवड्यात, म्हणजे भाऊ आधीच चार रात्री जागलेला. छोट्या हत्तीत मोटर घालून तो सांगलीत आला, आणि मी काही काम नसताना त्याच्याबरोबर मिरज रस्त्याच्या आतल्या बाजूच्या त्या वायंडिंगच्या, म्हणजे जळक्या मोटरीत नवी तार भरून देणाऱ्या, दुकानात गेले. दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड. दारात पाऊल टाकलं की वार्निश आणि करपलेल्या इनॅमलचा वास थेट टाळूला जाऊन चिकटतो. जमिनीवर तांब्याच्या तारेचे तुकडे, चपलेच्या तळव्यात रुतणारे. मागच्या कोपऱ्यात पोत्यावर बसून मिस्त्रींची आई खोबणीत घालायचे कागद कात्रीनं कापत होती, ओळीनं, न मोजता, सगळे एका मापाचे. २०१९ च्या पुरानंतर मी इथं एकदा आले होते. तेव्हा शेडबाहेर रस्त्यापर्यंत मोटरींची रांग होती, प्रत्येकीच्या पोटात कृष्णेचा गाळ, आणि कुणाची कुठली हे कळावं म्हणून खडूनं लिहिलेली गावांची नावं.

मिस्त्रींनी झाकण उघडून रोटर, म्हणजे मोटरीचा फिरणारा भाग, बाहेर काढला आणि बॅटरीचा झोत आत मारला. सगळं वायंडिंग जुन्या गुळाच्या रंगाचं, फक्त एका जागी चार बोटं रुंदीचा काळा डाग. "हितनं सुरुवात झाली," ते म्हणाले. "एक टर्न शॉर्ट." टर्न म्हणजे तारेचा एक वेढा. मग माझ्याकडे वळून, कारण भावानं येतायेताच 'आमची अक्का फिजिक्सची बाई हाय' हे सांगून टाकलेलं, "बाई, एक इचारू का? एका फेजला सहा कॉईली, कॉईलीला साठ टर्न. ३६० झालं. त्यातला एक गेला, ऱ्हायलं ३५९. तर मग सगळी मोटर का जळावी?"

मी म्हणाले, वेढे कमी झाले की रोध कमी होतो, आणि रोध कमी झाला की करंट वाढतो.

"किती वाढंल?"

मी गप्प.

"एक टक्का बी न्हाई वाढायचा, ३६० तला एक म्हंजे. आमच्याकडं लाईटच दिवसात वीस-तीस व्होल्टनं वर-खाली हुतीया. तवा न्हाई जळत." हे त्यांनी अजिबात कुत्सितपणे म्हटलं नाही. खरंच विचारत होते. भाऊ एकाएकी भिंतीवरचं कालनिर्णय वाचू लागला.

घरी येईपर्यंत आणि नंतरचे चार दिवस हे डोक्यातून जाईना. उत्तर मला ठाऊक नव्हतं असं नाही, आणि चिडचीड त्याचीच होती. उत्तराचे सगळे तुकडे दरवर्षी जानेवारीत मी फळ्यावर लिहीत आले होते. चुंबकीय अभिवाह, प्रवर्तन, नालकुंतल. हा शेवटचा शब्द आला की वर्गात हमखास खसखस पिकायची, कारण कुंतल म्हणजे केस हे मराठीच्या बाईंनी आधीच शिकवलेलं असायचं. मला मात्र तो शब्द आवडतो. तारेचं भेंडोळं आणि विंचरून गुंडाळलेले केस यांना एकच नाव द्यावंसं ज्याला वाटलं, त्यानं दोन्ही नीट पाहिलं असणार. पण 'अभिवाह', म्हणजे वेढ्यातून किती चुंबकीय क्षेत्र जातं त्याचं माप, या शब्दाशी माझं कधी जमलं नाही. त्या शब्दाच्या पोटातच वाहणं आहे, आणि वाहत तर काहीच नसतं.

तो शिकवताना मी पाऊस आणि घमेलं वापरायची. पाऊस म्हणजे चुंबकीय क्षेत्र, घमेलं म्हणजे वेढा. आडवं धरलं तर पुष्कळ पाणी, तिरपं धरलं तर कमी, उभं धरलं तर काही नाही. पोरांना पटायचं, मार्कही मिळायचे. पण ते खोटं आहे, म्हणजे अर्ध्या वाटेवर खोटं होतं. पावसाचा थेंब घमेल्यात पडला की तिथंच राहतो. चुंबकाची रेषा कुठंच राहत नाही. तिला ना सुरुवात ना शेवट. आत शिरली की तिला बाहेर पडावंच लागतं आणि फिरून मूळ जागी यावंच लागतं. एकदा मार्केट यार्डात हळदीचे सौदे बघायला कुणा पाहुण्यांना घेऊन गेले होते. तिथं एक हमाल रिकामं पोतं तोंडाशी धरून वाऱ्यात झटकत होता, आणि मला वाटलं, हे बरं आहे. पोत्याचं तोंड म्हणजे वेढा. त्या तोंडातून जितकं आत शिरलं तितकं तागाच्या विणीतून बाहेर पडणार. पोतं लांब असो, आखूड असो, ढेरपोटं असो, काही फरक पडत नाही. मोजायचं ते फक्त तोंड: केवढं आहे, आणि वाऱ्याकडे कितपत वळलेलं आहे. साठ वेढ्यांची कॉईल म्हणजे एकामागे एक धरलेली साठ तोंडं, आणि तीच एक रेषा साठांतून जाते म्हणून साठदा मोजायची. पुढच्या वर्षी वर्गात हे सांगितलं. पोरं म्हणाली, मॅडम, घमेलंच बरं होतं.

तार आणि चुंबक यांची माझी पहिली ओळख मात्र वडिलांच्याच एका जळक्या मोटरीतून झाली. वायंडिंग उकलून आणलेल्या तांब्याचा एक गुंडा घरी पडला होता. पाचवी-सहावीत असेन. पुस्तकात चित्र होतं, खिळ्याला तार गुंडाळा, सेलला जोडा, टाचण्या उचलतील. मी सहा इंची खिळ्यावर असतील-नसतील तेवढे वेढे घातले, बॅटरीचे दोन सेल लावले, आणि एक टाचणी हलेल तर शपथ. वडील अंगणात ऊस सोलत होते. त्यांनी तार हातात घेऊन पाहिली आणि त्याच कोयत्याच्या टोकानं दोन्ही टोकं खरवडून दिली. "साल काढल्याबिगर ऊस लागतोय व्हय गोड?" तोपर्यंत मला वाटत होतं की तो लालसर तपकिरी रंग तांब्याचाच. तो इनॅमलचा पापुद्रा होता. तो नसता तर सगळे वेढे एकमेकांना चिकटून एक लोखंडी खिळा आणि एक तांब्याचा गोळा एवढंच उरलं असतं. टाचण्या उचलल्या त्या क्षणापेक्षा मला हे जास्त आठवतं, की एवढा बारीक पापुद्रा, नखानं निघेल न निघेल असा, आणि सगळी कमाई त्याची.

कॉलेजच्या लॅबमध्ये पुढं दर वर्षी १८२० सालचा कोपनहेगनचा प्रयोग व्हायचा. सरळ तार, तिच्याखाली चुंबकसूची, बटण दाबलं की सुई वळते. ओरस्टेडनं पाहिलं तेव्हा युरोप थक्क झाला. आमच्या पोरांना बारा वाजताच्या डब्याचं जास्त कौतुक. एक अँपिअरचा प्रवाह असेल तर तारेपासून एक सेंटिमीटरवर क्षेत्र, टेस्ला या एककाच्या दहा लाखाव्या भागांत मोजलं तर, २० येतं. सांगलीत पृथ्वीचं स्वतःचं सुमारे ४०. म्हणजे अर्धं. म्हणून सुई साधारण २५ अंश वळून थांबते, तारेलाही पुरती वश नाही आणि पृथ्वीलाही नाही. मला ती तिरपी थांबलेली सुई फार आवडायची. आमच्या टेबलांचे पाय लोखंडी असल्यामुळे ती कधीच हिशेबाप्रमाणे थांबली नाही हा भाग वेगळा, जर्नलमध्ये सगळ्यांचे आकडे मात्र चोख. आणि परीक्षेत उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम! त्या पेपरला सुपरव्हिजन केलेल्या प्रत्येकानं हे पाहिलं असेल. उजव्या हातात पेन, म्हणून पोरं डावा अंगठा वर करून बोटं वळवतात, आणि दिशा बरोब्बर उलटी लिहून येतात.

सरळ तारेची ही गरीब ताकद वेटोळं केलं की वाढते. मीटरला हजार वेढे या हिशेबानं नळीवर तार गुंडाळली तर त्याच एका अँपिअरमध्ये आत पृथ्वीच्या तीसेक पट क्षेत्र. आत लोखंड घातलं की विचारूच नका. भावाच्या मोटरीत रोटर आणि त्याच्याभोवतीचा न फिरणारा स्टेटर यांच्या मधल्या केसाएवढ्या फटीत अर्ध्या टेस्लाच्या वर क्षेत्र असतं, पृथ्वीच्या दहा हजार पटींहून जास्त. शेतात दिसतो फक्त पाण्याचा दांडा.

फॅरेडेवर मात्र मी दर वर्षी एक तास जास्तीचा खर्च करायची, सिलॅबस मागं पडला तरी. लोहाराचा मुलगा, बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला. १८३१ च्या ऑगस्टात त्यानं सहा इंच व्यासाच्या लोखंडी कड्यावर दोन बाजूंना दोन गुंडाळ्या केल्या. इनॅमलची तार तेव्हा कुठली! त्यानं वेढ्यांमध्ये सुतळी आणि सुती कापड घातलं. एका गुंडाळीला बॅटरी, दुसरीला सुईचं यंत्र. बॅटरी जोडताना सुई हलली आणि परत जागेवर आली. बॅटरी चालू आहे, कड्यातला अभिवाह भरपूर आहे, आणि सुई मात्र ढिम्म. बॅटरी काढली, पुन्हा हलली, उलट्या दिशेनं. किती आहे याला काही मोल नाही, बदलतंय का एवढंच. मिरजेतल्या सतारीच्या तरफेच्या तारांचा दाखला मी इथं द्यायची, वरची तार छेडली की खालची न शिवता वाजते. वर्गात एक पोरगी स्वतः सतार शिकणारी निघाली. ती म्हणाली, पण मॅडम, तरफ सुराला लागलेली असेल तरच वाजते. फॅरेडेच्या दुसऱ्या गुंडाळीला कुठं सुराला लावावं लागतं? तो दाखला मी तिथंच सोडला.

तर हे सगळं माझ्याजवळ होतं. आणि मिस्त्रींच्या दारात मी सांगितलं काय, तर रोध कमी होतो.

पाचव्या दिवशी रात्री गॅस संपला. माळ्यावरची इंडक्शनची शेगडी खाली काढली, दुधाचं स्टीलचं पातेलं ठेवलं आणि उभी राहिले. त्या शेगडीचा एक बारीक सूर असतो, कानाला लागेल न लागेल असा. काचेला हात लावला, कोमट. पातेल्याच्या तळाशी मात्र बुडबुडे. काचेखाली चकलीसारखी घातलेली एक कॉईल आहे आणि तिच्यातला प्रवाह सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा उलटसुलट होतो हे मला माहीत होतं. वर ठेवलेल्या पातेल्याला ना तार जोडलीय ना बटण. त्याचा तळ म्हणजे नुसता एक धातूचा बंद वेढा, ज्याच्यातून बदलता अभिवाह जातो.

एक बंद वेढा.

दूध उतू गेलं. शेगडी बंद करायच्या आधी मी पेन शोधलं. मी आख्खा वेळ उरलेल्या ३५९ वेढ्यांचा विचार करत बसले होते, आणि मिस्त्री विचारत होते त्या एकाबद्दल. तो शॉर्ट झाला म्हणजे गेला नाही. तो तिथंच आहे, त्याच खोबणीत, त्याच अभिवाहात. फक्त आता त्याची दोन टोकं एकमेकांना भिडलेली आहेत. मोटरीच्या साखळीतून तो सुटला आणि स्वतःपुरता एक गोल झाला, फॅरेडेच्या कड्यावरची दुसरी गुंडाळी, ती पण एकाच वेढ्याची.

मोटर न्यायला गेलो तेव्हा भरून, वार्निश मारून, सुकवून तयार होती. वेढ्यांची बाहेर आलेली डोकी मिस्त्रींच्या आईनं दोऱ्यानं आवळून बांधलेली, वाकळेला घालतात तसा टाका. रोटर घालायच्या आधी मिस्त्री म्हणाले, गंमत बघा. डिमरवर कमी व्होल्टेज ठेवून तिन्ही फेज दिल्या आणि स्टेटरच्या पोकळ पोटात बेअरिंगचा एक छर्रा सोडला. तो क्षणभर थरथरला आणि आतल्या भिंतीला धरून गोल पळायला लागला, घरंगळत, खर्रर्र आवाज करत. आत दुसरं काही नाही. तीन कॉईलींचे गट जागच्या जागी बसलेले, कुणी हलत नाही, पण एकाचा जोर ओसरायच्या आत पुढच्याचा चढतो, आणि क्षेत्र फिरतं. सेकंदाला ५० आवर्तनांच्या लाईटीवर या चार पोलच्या मोटरीत मिनिटाला १५०० फेरे. 'फिरणारं चुंबकीय क्षेत्र' हे शब्द मी किती वेळा लिहिले असतील. ते फिरताना कधी पाहिलं नव्हतं. मिस्त्रींनी दोन टोकं अदलाबदल केली, छर्रा उलटा पळाला. भाऊ म्हणाला, "डीपी दुरुस्त करून गेली माणसं की आमच्या लायनीवरच्या सगळ्या मोटरी अशाच उलट्या फिरत्यात, आन पाणी करंगळीएवढं." एखादी कॉईल उलटी जोडली गेली असेल तर छर्रा अडखळतो, मिस्त्री म्हणाले. त्यांना कागदावर आकृती लागत नाही.

मग मी वार्निशच्या खोक्याचा पुठ्ठा मागून घेतला आणि हिशेब मांडला. मोटर डेल्टा जोडणीत, म्हणजे फेजला ४१५ व्होल्ट. भागिले ३६०. वेढ्याला साधारण १.१५ व्होल्ट. "एका टर्नला तार किती लागते?" "दीड हात." त्या जाडीच्या दीड हात तांब्याचा रोध ओहमचा पन्नासावा भाग. तो वेढा स्वतःवरच बंद झाला तर त्या एका व्होल्टावर पन्नासच्या वर अँपिअर, अभिवाहाची गळती धरली तर थोडे कमी. तार आहे चार-पाच अँपिअरची. म्हणजे खोबणीत, कागदाच्या आत, साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब कोंबून ठेवल्यासारखं. शेजारच्या वेढ्याचं इनॅमल जळतं, तो शॉर्ट होतो, मग त्याच्या शेजारचा.

मिस्त्री पुठ्ठ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मी मनात थोडी फुलले होते, खोटं कशाला सांगू. मग ते म्हणाले, "म्हंजे पत्र्याचं बी त्येच की."

मला कळलं नाही.

"स्टेटरचं पत्रं वं. अर्ध्या मिलिमीटरचं, एकावर एक रचल्यालं. काय काय जण जुनं तांबं निघत न्हाई म्हणून मोटर पेटवून देत्यात. मामानं मला पयल्या दिवशी सांगिटलं, आग लावायची न्हाई. पत्र्यामधलं वार्निश जळलं की मोटर कितीबी चांगली भरा, गरमच ऱ्हाती. का ते त्येला बी ठावं नव्हतं. पत्रं एकमेकास्नी शिवली की त्येंचाच टर्न हुतोय न्हवं?"

होतोच. लोखंडातच प्रवाहाचे भोवरे फिरतात, पातेल्याच्या तळात फिरतात तसे. हे बारावीच्या पुस्तकात दोन ओळींत होतं आणि त्या दोन ओळी मी 'वाचून घ्या' म्हणून सोडून द्यायची. मी मान हलवली. पुठ्ठा त्यांनी दुमडून डायरीत ठेवला. त्या डायरीत वीस वर्षांत भरलेल्या मोटरींचे गेज, टर्न आणि खोबण्यांचे आकडे आहेत, वहीला वार्निशचाच वास.

"आता ह्ये बघा," म्हणून त्यांनी बाकड्यावर पडलेला विट्याकडचा एक स्टेटर पुढं ओढला आणि ग्राऊलर काढला. मुठीएवढा लोखंडाचा तुकडा, त्यावर कॉईल, प्लग लावला की घुं करणारा. तो आतून एकेका खोबणीवर टेकवायचा आणि एका कॉईलभर अंतरावरच्या खोबणीवर हॅक्सॉचं जुनं पान धरायचं. वेढा धड असेल तर पान गप्प. बंद झालेला असेल तर ग्राऊलरच्या अभिवाहानं त्याच्यात प्रवाह उठतो, त्याचं क्षेत्र खोबणीच्या तोंडाशी येतं आणि पान धडधडतं. हे गेली वीस वर्षं ते करत होते. माझ्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे त्यांच्या प्रश्नाचं, त्यांच्याच खुंटीला टांगलेलं होतं.

पान त्यांनी माझ्या हातात दिलं. दोन बोटांत सैल धरायचं, दाबायचं नाही. पहिली खोबण, गप्प. दुसरी, गप्प. भावानं फोनवर कुणाला तरी 'येतोय, येतोय' सांगितलं. पाचवी, सहावी. सातव्या खोबणीवर पान बोटांतच जिवंत झालं, दातांपर्यंत पोचेल अशी थरथर, आणि तारेच्या भिंगरीसारखा आवाज.

मागं पोत्यावर कात्री थांबली नव्हती. "तितंच हाय बगा," मान वर न करता मिस्त्रींची आई म्हणाली.